हृदयाची गोळी चालू आहे आणि घड्याळातला पल्स वर चढतच नाही – व्यायाम नेमका किती करायचा?

टेकडीकर | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. वय ५४, पुणे. गेल्या ऑगस्टमध्ये जिना चढताना छाती जड व्हायला लागली म्हणून दाखवलं, अँजिओग्राफीत एलएडीमध्ये (हृदयाची एक मुख्य रक्तवाहिनी) ब्लॉक निघाला आणि एक स्टेंट टाकला. अटॅक आला नव्हता, इको चांगला आहे, ईएफ (एका ठोक्यात हृदय किती टक्के रक्त बाहेर टाकतं ते) ६०. तेव्हापासून सकाळी मेटोप्रोलॉल ५०, रक्त पातळ राहायच्या दोन गोळ्या आणि कोलेस्टेरॉलची एक. व्यायामाचं विचारलं तर "चाला, जपून करा" एवढंच उत्तर मिळालं, बाहेर रांग होती, मीही घाबरलेलो होतो, पुढे काही विचारलं नाही.

मुलीने वाढदिवसाला पल्स दाखवणारं घड्याळ दिलंय. त्यात वय टाकलं की ते सांगतं तुमचा कमाल पल्स १६६ आणि 'कार्डिओ झोन' ११६ ते १४१. मी तळजाईवर रोज जातो, कितीही झपाझप चाललो तरी १०४ च्या वर आकडा जात नाही. मागच्या रविवारी ठरवलं की आज ११६ गाठायचेच, चढावर पळालो, १०९ झाले, वर पोचून एकदम थांबलो आणि डोळ्यापुढे अंधारी आली. बाकावर बसलो, दोन-तीन मिनिटांत बरं वाटलं. छातीत दुखलं नाही. घरी अजून कोणाला बोललो नाहीये.

मला कळत नाहीये की मी कमी पडतोय का गोळी जास्त होतेय. आणि पल्स वाढतच नसेल तर या चालण्याचा हृदयाला उपयोग तरी होतो का? कोणाला अनुभव असेल तर प्लीज लिहा.

जुई_ठाणे | सोमवार, रात्री ९:५८

काका, आधी घरी सांगा. आजच सांगा. माझ्या बाबांनी असंच चार महिने लपवलं होतं.

कृष्णाकाठची | सोमवार, रात्री ११:१५

टेकडीकर, जुईला अनुमोदन, आणि घरी सांगून झालं की उद्या सकाळी डॉक्टरांना पण फोन करून अंधारी आल्याचं कळवा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. मी फिजिओ आहे, सांगलीत हृदयाच्या पेशंटांचे व्यायाम घेते, १४ वर्षं झाली. तुमचे रिपोर्ट मी बघितलेले नाहीत तेव्हा मी लिहितेय ते त्यांच्याशी बोलण्यासाठी हाताशी ठेवा.

तुम्ही कमी पडत नाही आहात, गोळी तिचं काम करतेय. मेटोप्रोलॉल म्हणजे बीटा ब्लॉकर. आपण पळायला लागलो किंवा घाबरलो की अंगात अ‍ॅड्रेनॅलिन सुटतं आणि ते हृदयावरच्या बीटा रिसेप्टरवर जाऊन बसलं की ठोके वाढतात. ही गोळी त्या जागांवर आधीच जाऊन बसते, एसटीत रुमाल टाकून सीट धरतात ना तसं. अ‍ॅड्रेनॅलिन येतं पण बसायला जागा थोडी. म्हणून बसल्या जागेचा पल्सही कमी आणि पळतानाचा तर अजूनच कमी. २२० वजा वय हे गणित गोळी न घेणाऱ्यांसाठी आहे, आणि त्यांच्यातही माणसामाणसात १०-१२ ठोक्यांचा फरक सहज पडतो. घड्याळाला तुमचं वय माहितीये, तुमची गोळी माहिती नाही. तुम्ही १०९ ला पोचलात तेव्हा तुमच्या हिशोबाने बहुतेक बरंच वर पोचला होता, आणि तरी अजून सात ठोके हवेत म्हणून स्वतःला ढकलत होतात. हेच करायचं नाहीये.

अंधारी का आली असेल (असेल म्हणतेय, तपासल्याशिवाय नक्की नाही): चालताना पोटऱ्या रक्त वर ढकलत असतात. एकदम थांबलं की ते ढकलणं बंद, पायातल्या रक्तवाहिन्या व्यायामाने रुंदावलेल्या, त्यामुळे रक्त खालीच साचतं. एरवी हृदय चटकन ठोके वाढवून ते सांभाळून घेतं पण गोळी चालू असताना त्याला तेवढी चपळाई दाखवता येत नाही, मग बीपी पडतं आणि डोक्याला रक्त कमी पोचतं. यावर उपाय साधा आहे आणि मी तो माझ्या प्रत्येक पेशंटकडून रोज घोटून घेते. सुरुवातीची दहा मिनिटं रमतगमत आणि शेवटची दहा मिनिटं पुन्हा रमतगमत. चढ संपला की लगेच उभं राहायचं नाही, सपाटीवर हळूहळू पावलं टाकत राहायचं. तुम्ही ४० मिनिटं चालत असाल तर त्यातली २० अशी जाऊ देत, ती वाया जात नाहीत.

मग जोर किती लावायचा? चालता चालता सोबत्याशी दोन-तीन वाक्यं सलग बोलता आली पाहिजेत पण गाणं म्हणता येऊ नये. एकटे असाल तर सतराचा पाढा मोठ्याने म्हणा. एका दमात आरामात म्हणून झाला तर थोडा वेग वाढवा, "सतरा त्रिक" पर्यंत जाऊन श्वास घ्यावा लागला तर कमी करा. आमच्याकडे भिंतीवर बोर्ग यांची पट्टी लावलेली असते, हे स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ, त्यांनी मेहनत मोजायला ६ ते २० आकडे ठरवले. ६ म्हणजे निवांत बसलोय, २० म्हणजे आता एक पाऊलही टाकवत नाही. तुम्ही ११ ते १३ मध्ये राहा, म्हणजे हलकं ते काहीसं जड. ती पट्टी ६ पासून का सुरू होते तर निरोगी माणसात त्या आकड्याला दहाने गुणलं की साधारण पल्स येतो. गोळीवाल्यांनी तो गुणाकार करायचा नाही, फक्त आकडा बघायचा.

आणि फायदा? होतो की, भरपूर होतो. ठोके कमी असले की दोन ठोक्यांच्या मधे हृदयाला भरायला जास्त वेळ मिळतो, एका ठोक्यात जास्त रक्त बाहेर पडतं. पायाचे स्नायू त्यातून ऑक्सिजन ओढून घ्यायला शिकतात. सहा आठवड्यांनी तोच चढ, तोच १०० पल्स, पण धाप कमी लागेल. प्रगती तिथे बघा.

धाव_साताऱ्याची | मंगळवार, सकाळी ६:२०

माझी चूक लिहितो, कोणाला तरी उपयोगी पडेल. वय ४१, एक्स्ट्रा बीट्स येतात म्हणून बिसोप्रोलॉल ५ (हीपण बीटा ब्लॉकरच) चालू आहे दोन वर्षांपासून. हृदयाची रचना वगैरे सगळं व्यवस्थित, डॉक्टरांनी पळायला परवानगी दिलेली. गोळीमुळे माझा टायमिंग मागे पडला, पाय असे जड व्हायचे की चिखलात पळतोय. मग मागच्या वर्षी एका हाफ मॅरेथॉनच्या आधी मी कोणालाही न विचारता तीन दिवस गोळी घेतली नाही.

स्टार्ट लाइनवरच धडधड होत होती, वाटलं उत्साह असेल. चौथ्या किलोमीटरला पल्स १८४ आणि ठोके वेडेवाकडे, छातीत फडफड, हाताला मुंग्या. रस्त्याच्या कडेला बसलो, स्वयंसेवकाने अँब्युलन्स बोलावली, रात्रभर मॉनिटर लावून ठेवलं. बायको आणि सहा वर्षांचा मुलगा फिनिश लाइनवर दीड तास उभे होते, माझा फोन माझ्या बॅगेत. तो दीड तास मला अजून झोपेत आठवतो.

नंतर डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि डोस अर्धा केला, म्हणजे पळण्याची अडचण सुटण्यासारखी होती, मी विचारलंच नव्हतं.

कृष्णाकाठची | मंगळवार, दुपारी १:३०

धाव, हे लिहिलंत, फार मोठं काम केलंत. सगळ्यांसाठी कारण लिहिते. महिनोन्महिने जागा अडलेल्या राहिल्या की शरीर नवीन रिसेप्टर तयार करतं, आहेत ते जास्त हळवे होतात. अशात गोळी अचानक बंद झाली की अ‍ॅड्रेनॅलिनला सगळ्या जागा एकदम मोकळ्या मिळतात. ज्यांच्या रक्तवाहिनीत अडथळे आहेत त्यांना यातून अँजायना (छातीत दाब, कळ) काय, अटॅकसुद्धा येऊ शकतो. अमेरिकेत मेटोप्रोलॉल आणि अटेनोलॉलच्या माहितीपत्रकावर ही सूचना छापलेली असते. बंद करायचीच असली तर डॉक्टर एक-दोन आठवड्यांत पायरी पायरीने कमी करतात आणि तेवढे दिवस जोराचा व्यायाम नको म्हणतात.

एखादा डोस विसरलात तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका. आणि हळूहळू सुटणारी गोळी असेल, पाकिटावर एक्सएल किंवा ईआर लिहिलेलं असतं, ती कुटून किंवा चावून घ्यायची नाही, दिवसभराचं औषध एकदम अंगात येतं.

पाय जड होणं, थकवा हे पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांना होतं आणि मग कमी होतं. नाही झालं तर सांगायचं. डोस बदलता येतो, वेळ बदलता येते, गोळी बदलता येते. साधी मेटोप्रोलॉल घेतल्यावर एक-दोन तासांत तिचा जोर सगळ्यात जास्त असतो, नेमकं तेव्हाच कोणी टेकडी चढत असेल तर त्याला फरक जाणवतो.

नेम_धरून | मंगळवार, दुपारी ३:०५

थोडं अवांतर. मी एअर पिस्तूल खेळतो. आमच्या नेमबाजीत आणि तिरंदाजीत बीटा ब्लॉकर बंदी असलेल्या औषधांत येतात, कारण हात थरथरत नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या एका नेमबाजाची दोन पदकं प्रोप्रॅनोलॉल सापडल्यामुळे काढून घेतली होती. खरंच आजार असेल तर आधी रीतसर अर्ज करायचा असतो. क्लबात बरेच पन्नाशीचे लोक येतात, त्यांना हे माहीत नसतं म्हणून लिहिलं.

सोनचाफा | मंगळवार, रात्री ८:४५

धागा वाचतेय आणि आईची काळजी वाटायला लागलीये. आई नाशिकला, वय ६७, डायबेटिस २० वर्षं, ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन, बीपीसाठी अटेनोलॉल. पहाटे चहाही न घेता गंगापूर रोडला फिरायला जाते, तिचं म्हणणं उपाशीपोटी चाललं की साखर लवकर उतरते. परवा परत येताना शेजारच्या काकूंना भलतंच काही बोलायला लागली, घामाने ब्लाउज भिजलेला. काकूंनी साखरपाणी पाजलं आणि दहा मिनिटांत ठीक झाली. आई म्हणते मला आधी काहीच जाणवलं नाही, नेहमी साखर कमी झाली की हात थरथरतात, छातीत धडधड होते, यावेळी काही नाही. हे या गोळीमुळे असेल का? अटेनोलॉल दोन महिन्यांपूर्वीच सुरू झालीये.

कृष्णाकाठची | मंगळवार, रात्री १०:१०

सोनचाफा, हो, असू शकतं, आणि बरं झालं विचारलंस. साखर घसरली की जी धडधड आणि थरथर होते ती अ‍ॅड्रेनॅलिनचीच असते, आणि त्याच्याच जागा गोळीने अडवलेल्या. म्हणजे घराची घंटा काढून ठेवल्यासारखं होतं. घाम मात्र दुसऱ्या वाटेने येतो, तो गोळीने थांबत नाही. म्हणून आईला आणि त्या काकूंना दोघींना सांगून ठेव: चालताना उगाच दरदरून घाम, गोंधळल्यासारखं, जीभ जड, की लगेच थांबून गोड घ्यायचं.

मेटफॉर्मिन एकटी असेल तर साखर एवढी पडत नाही, ग्लिमेपिराइडने पडते. आईच्या डॉक्टरांना हा प्रसंग जसाच्या तसा सांग, बहुतेक ते काहीतरी बदलतील. तोवर उपाशी चालणं बंद. निघण्याआधी बोटाला टोचून बघायची, ९० च्या खाली असेल तर आधी काहीतरी खायचं, ७० च्या खाली असेल तर त्या दिवशी चालायचंच नाही, आधी साखर वर आणायची. तीन चमचे साखर पाण्यात किंवा ग्लुकोज पावडर, पंधरा मिनिटांनी परत टोचून बघायची. खिशात चिक्की ठेवतात बरेच जण, पण दाण्यातल्या तेलामुळे ती हळू पचते, अशा वेळी ग्लुकोजच हवं.

सोनचाफा | मंगळवार, रात्री १०:३२

ताई, खूप खूप आभार. उद्याचा पहिला फोन डॉक्टरांना आणि दुसरा काकूंना.

अंबाझरीचा | बुधवार, सकाळी ७:५०

नमस्कार, नागपूर, वय ६३. माझं प्रकरण वेगळं आहे, अटॅकनंतर हृदयाचं पंपिंग कमी झालं, ईएफ ३५. कार्व्हेडिलॉल (हीपण बीटा ब्लॉकर) आहे, त्यावर पल्स अजून खाली आणायला इव्हाब्रॅडीन, आणि लघवीची गोळी. दोन वर्षांपासून रोज अंबाझरीला फिरून राहिलो. इव्हाब्रॅडीनने सुरुवातीला अंधारातून उजेडात गेलं की डोळ्यासमोर लखलख व्हायचं, मी मोतीबिंदू समजून घाबरलो, डॉक्टर म्हणाले या गोळीचं होतं असं कधी कधी, पुढे कमी झालं. पहाटे स्कूटर चालवणाऱ्याने हे माहीत असू द्यावं.

मला सांगायचंय ते उन्हाळ्याचं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला जातो. लघवीच्या गोळीने पाणी कमी, बीटा ब्लॉकरने अंगाची उष्णता बाहेर टाकणं मंद, आणि पाणी मनाला येईल तेवढं पिता येत नाही कारण मला दिवसाला दीड लिटरची मर्यादा दिली आहे. म्हणून मार्चपासून मी साडेपाचला निघतो आणि साडेसहाला घरात. एप्रिल-मेमध्ये बरेच दिवस घरातल्या घरातच, व्हरांड्यात फेऱ्या. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन करतो आणि कॅलेंडरवर लिहितो. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं किंवा पायावर बोट दाबल्यावर खळगा राहिला की फिरणं बंद, डॉक्टरला फोन. या एका सवयीने माझं एक ॲडमिशन वाचलं आहे.

शिकागोहून_सुनीता | बुधवार, रात्री ११:२०

अंबाझरीच्या काकांचं उन्हाचं, माझं थंडीचं. बायपासनंतर मला इथे कार्डिॲक रिहॅबला पाठवलं, आठवड्यातून तीनदा, १२ आठवडे, छातीला वायरी लावून ट्रेडमिल आणि सायकल, नर्स समोर स्क्रीन बघत बसलेली. तिने पहिल्या दिवशी माझं घड्याळ उतरवून पर्समध्ये ठेवायला लावलं. बीटा ब्लॉकरने हात-पाय गार पडतात आणि गार मनगटावर ती घड्याळं पल्स नीट पकडत नाहीत, कधी कधी तर पावलांची लय मोजून तोच पल्स म्हणून दाखवतात. तिने मला बोटांनी मोजायला शिकवलं: अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं, १५ सेकंद मोजून चारने गुणायचं, ठोके अनियमित असतील तर पूर्ण मिनिटभर.

जानेवारीत बाहेर चालणं बंदच, गार वाऱ्याने रक्तवाहिन्या आकसतात. मॉलमध्ये चालते, इथे बरेच वयस्कर लोक सकाळी तेच करतात. छातीचं हाड जुळेपर्यंत, माझ्या बाबतीत १२ आठवडे, दुधाचा मोठा कॅनसुद्धा उचलायचा नाही म्हणून बजावलं होतं. सुट्टीवर डोंबिवलीला आले तेव्हा लक्षात आलं की बहिणीच्या मिस्टरांना बायपासनंतर असं कोणी काहीच सांगितलं नव्हतं, ते तिसऱ्या आठवड्यात पाण्याची बादली उचलत होते. मला फार वाईट वाटलं.

टेकडीकर | पुढचा शनिवार, सकाळी १०:०५

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी सांगितलं, बायको अर्धा तास बोलली नाही, मग म्हणाली उद्यापासून मी बरोबर येणार. डॉक्टरांनी गुरुवारी ईसीजी काढला, बसून आणि उभं राहून बीपी बघितलं, आणि गोळी चालू ठेवूनच टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून ईसीजी बघायची टेस्ट) केली. म्हणाले निदानासाठी टेस्ट असते तेव्हा कधी कधी आम्हीच गोळी थांबवायला सांगतो, पण व्यायाम ठरवायचा असेल तर गोळी घेऊनच करायची. ट्रेडमिलचा चढ आणि वेग दर तीन मिनिटांनी वाढत होता, नऊ मिनिटं टिकलो. ईसीजीत बदल नाही. बसून पल्स ५६, सगळ्यात वर १२४.

प्रोस्टेटसाठी रात्री टॅमसुलोसिन घेतो ते त्यांना सांगायचं राहून गेलं होतं, त्यानेही बीपी थोडं पडतं म्हणाले. कृष्णाकाठची ताई, ५६ आणि १२४ वरून काही काढता येतं का?

कृष्णाकाठची | शनिवार, दुपारी २:४०

येतं की. १२४ वजा ५६ म्हणजे ६८. त्याचे ४० टक्के २७, ६० टक्के ४१. त्यात तुमचे ५६ परत मिळवायचे. म्हणजे ८३ ते ९७ हा तुमचा पट्टा. आता बघा, तुम्ही १०४ ला "कमी पडतोय" म्हणत होतात, ते ७० टक्के झाले! घड्याळात कमाल पल्स हाताने बदलता येत असेल तर १६६ काढून १२४ टाका, नाहीतर झोनची सूचना बंदच करा. डोस बदलला की हे आकडे रद्द, पाढा मात्र चालू.

आठवड्याला १५० मिनिटं हे गाठायचं, पण सावकाश, आत्ता तुम्ही आहात त्यात दर आठवड्याला रोजची पाच मिनिटं वाढवा, आधी वेळ, चढ नंतर.

टेकडीकर | शनिवार, दुपारी ३:१५

अजून एक, सूर्यनमस्कार घालत होतो आधी, रोज १२. आणि कपालभाती.

कृष्णाकाठची | शनिवार, रात्री ९:००

सूर्यनमस्कारात डोकं खाली जाऊन झटकन वर येतं, तिथेच अंधारी येते. डॉक्टर हो म्हणाले की तीनपासून सुरू करा, प्रत्येक स्थितीत श्वास चालू, वर येताना दोन मोजून. अष्टांग नमस्कारात बरेच जण दम कोंडून धरतात, ते नको, बीपी उसळतं. वजनं उचलतानाही तसंच, जोर लावताना श्वास सोडायचा. कपालभाती आणि भस्त्रिका मी माझ्या पेशंटांना देत नाही, अनुलोम विलोम श्वास न रोखता देते.

आणि हे सगळ्यांसाठी, प्रिंट काढून फ्रिजवर लावलं तरी चालेल. चालताना छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळी धाप, यातलं काहीही झालं की तिथेच बसायचं. डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या रुंदावणारी गोळी) लिहून दिली असेल तर बसूनच जिभेखाली, उभ्याने घेतली तर बीपी पडून कोसळायला होतं. (सिल्डेनाफिलसारखी (म्हणजे व्हायग्रा) गोळी घेतली असेल तर सॉर्बिट्रेट घ्यायची नाही, हे पुरुष मंडळी लाजेने सांगत नाहीत, सांगा.) पाच मिनिटांत थांबलं नाही तर १०८. स्वतः गाडी चालवत जायचं नाही. पल्स ५० च्या खाली आणि सोबत चक्कर असेल तरी त्याच दिवशी फोन करायचा.

धाव_साताऱ्याची | रविवार, सकाळी ८:१०

फ्रिजवर लावलं. आणि फोन आता कमरेच्या पट्ट्यात असतो.

टेकडीकर | पाच आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ९:३०

आज बायकोबरोबर पर्वती चढलो, १०३ पायऱ्या, मधे दोनदा मुद्दाम सावकाश झालो, थांबलो नाही. वर पोचल्यावर देवळाभोवती दहा मिनिटं फेऱ्या मारल्या आणि मगच बसलो. पल्स ९६. सतराचा पाढा सतरा साते पर्यंत गेला, बायकोचा पूर्ण झाला. सोनचाफा, आई कशी आहे?

सोनचाफा | रविवार, सकाळी ११:००

छान आहे काका. ग्लिमेपिराइड कमी केली, अटेनोलॉलच्या जागी दुसरी गोळी दिली. आता अर्धी पोळी आणि चहा घेऊन निघते आणि काकूंच्या पर्समध्ये ग्लुकोजची पुडी असते.